आधी बोलणं, मग फासा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरं आहेत. १९६९ साली तिथल्या डेव्हिड वेस्ली या तरुणानं आपल्या मित्रमंडळींसाठी युद्धाचा एक खेळ मांडला. टेबलावर ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव, नेपोलियनचा काळ आणि गावावर चालून येणाऱ्या दोन फौजा, असा सगळा थाट होता. अशा खेळात एरवी दोन सेनापती असतात, ते सैन्य हलवतात आणि पंच निकाल देतो. वेस्लीनं या वेळी एक वेगळी गोष्ट केली. सेनापतींच्या जोडीला त्यानं गावातल्या माणसांच्या भूमिकाही वाटून दिल्या. कुणी नगराध्यक्ष झालं, कुणी पेढीवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. आणि प्रत्येकाला स्वतःचा असा एक हेतू दिला.

झालं असं, की फौजा समोरासमोर यायच्या आतच मंडळी कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुजायला लागली. सौदे ठरले, कट शिजले. दोघे जण तर येऊन म्हणाले, "आमचं द्वंद्व ठरलंय, निकाल सांग." द्वंद्वाचे नियम वेस्लीकडे नव्हतेच. त्यानं जागच्या जागी फासे टाकून काहीतरी निकाल दिला. लढाई राहिली बाजूलाच. आपला खेळ पार फसला, असं वेस्लीला वाटलं. मित्र मात्र त्याच्या मागे लागले, "पुन्हा कधी?"

त्या मित्रांत डेव्ह आर्नेसन होता. पुढच्या एका खेळात, दक्षिण अमेरिकी धाटणीच्या एका छोट्या देशात, त्याला क्रांतिकारी विद्यार्थी नेत्याची भूमिका मिळाली. पठ्ठ्या घरून सीआयएचं खोटं ओळखपत्रच बनवून घेऊन आला आणि बोलबोलून त्यानं सगळ्यांना गुंडाळलं. याच आर्नेसननं विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन पुस्तिका आणि पहिल्या खेपेला अवघ्या १००० प्रती. आज जगभर जे भूमिकांचे खेळ टेबलाभोवती बसून खेळले जातात, त्यांचा उगम हा. 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका २०१६ साली आली, तिच्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात बसून जे काही आरडाओरडा करत खेळत असतात, तोच हा खेळ.

गंमत अशी, की बाहेरून पाहणाऱ्याला यात फक्त तलवारी आणि राक्षस दिसतात. पण त्याचं मूळ शोधायला जावं, तर ते माणसांच्या बोलण्यात सापडतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी गावोगाव गात फिरणारा शाहीर. पात्राचे गुण आकड्यांत मांडलेला कागद प्रत्येकाच्या पुढ्यात असतो. एक जण मात्र कुठलंच ठरावीक पात्र घेत नाही. त्याला इंग्रजीत जे काही म्हणत असतील ते म्हणोत, मी आपला 'सूत्रधार' म्हणते. सूत्रधार जग उभं करतो. "समोर पूल आहे, पुलावर एक म्हातारा बसलाय," असं तो सांगतो, आणि विचारतो, "तुम्ही काय करता?" आपण लहानपणी भातुकली खेळलो, तिचंच हे थोरलं भावंड. फरक इतकाच, की भातुकलीत भांडण झालं की खेळ मोडतो, इथं भांडण सोडवायला फासे असतात. सगळ्यात महत्त्वाचा फासा वीस बाजूंचा. त्यावर पडेल त्यात आपल्या गुणाचा आकडा मिळवायचा. ठरलेला आकडा गाठला तर काम जमलं.

गेली अकरा वर्षं महिन्यातले दोन रविवार पुण्यात आमच्या घरी हा खेळ रंगतो आणि सूत्रधारकी माझ्याकडे असते. चहाच्या दोन फेऱ्या होतात, चिवड्याचा डबा रिकामा होतो. लढाई चालवणं त्या मानानं सोपं असतं. कुणाची पाळी, कुणाला किती लागलं, सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे. खरा कस लागतो तो पात्रं लढायचं सोडून बोलायला लागतात तेव्हा.

पुलावरच्या म्हाताऱ्याचंच घ्या. खेळाडू म्हणतात, "आम्ही त्याला सांगतो, आम्हाला जाऊ दे." आता तो जाऊ देईल की नाही, हे कोण ठरवणार? सूत्रधाराच्या मर्जीवर सोडावं, तर खेळाडूंना वाटणार, हिच्या मनात असेल तेच होतं. सगळं फाशावर सोडावं, तर बोलण्याला अर्थच राहत नाही. कुणी तोंडही उघडायचं नाही, फासा टाकायचा आणि सतरा पडले म्हणून राजानं अर्धं राज्य द्यायचं!

या पेचावर पन्नास वर्षांत अनेकांनी अनेक तोडगे काढले आहेत. सुरुवातीच्या खेळातला तोडगा मला अजूनही आवडतो. रानात अचानक कुणी समोर आलं, तर त्याचा मनोभाव काय आहे हे पाहायला सूत्रधारानं साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या आवृत्तीत याचं कोष्टकच आहे. बेरीज दोन आली तर समोरचा थेट हल्ला करतो, बारा आली तर अगदी गळ्यात पडतो. सहा ते आठ आली, तर तो गोंधळलेला असतो, त्याचं काही ठरलेलं नसतं. आता गणित पाहा. दोन फासे छत्तीस प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या एकाच प्रकारात दोन येतात, एकाच प्रकारात बारा. सहा ते आठ मात्र सोळा प्रकारांत येतात. म्हणजे अंधाऱ्या भुयारात भेटणारा प्राणीसुद्धा पुष्कळदा ना शत्रू असतो ना मित्र. तुम्ही काय बोलता, याची तो वाट पाहत असतो. शिवाय त्या जुन्या खेळात बहुतेक गुण मिळत ते खजिना घरी आणल्याबद्दल, मारामारीबद्दल फार थोडे. गोड बोलून काम झालं तर तलवार उपसणं हा शुद्ध तोट्याचा व्यवहार होता.

पुढं २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत मुत्सद्देगिरी हे एक स्वतंत्र कौशल्य झालं आणि त्याला आकडा चिकटला. आकडा पुरेसा फुगवला, की कट्टर वैरीही पाहता पाहता जिवलग व्हायला लागला. खेळाडूंनी याची भरपूर थट्टा केली, ती रास्तच होती.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. सूत्रधारासाठीच्या पुस्तकात तिनं समोरच्या माणसाचे तीन पवित्रे सांगितले: स्नेहाचा, उदासीन आणि वैराचा. आधी बोलणं होऊ द्यायचं. त्या बोलण्यातून माणसाचा पवित्रा थोडा सरकूही शकतो. मग मागणी आणि मग फासा. फासा कितीही चांगला पडला, तरी वैर धरून बसलेला माणूस फार तर इतकंच करतो, की स्वतःला धोका नसेल, झीज नसेल, तर सांगितलेलं ऐकतो. तुमच्यासाठी जिवावरची जोखीम घेईल तो मित्रच. म्हणजे 'हो की नाही' याबरोबरच, तो आपल्यासाठी किती सोसायला तयार आहे, हे इथं मोजलं जातं. आपल्या रोजच्या व्यवहारात तरी दुसरं काय असतं? शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागणं वेगळं आणि कर्जाला जामीन राहा म्हणणं वेगळं. दोन्हीला शब्द कितीही गोड वापरा.

मी स्वतः जी पद्धत वापरते, ती याहून साधी आहे. खेळाच्या आदल्या रात्री वहीत प्रत्येक माणसापुढे तीन ओळी लिहून ठेवते. याला काय हवंय? याला भीती कशाची आहे? आणि काय वाटेल ते झालं तरी हा काय करणार नाही? एवढं हाताशी असलं, की आवाज बदलून नाटकी बोलायची गरज पडत नाही. नाही तरी मला ते जमत नाही.

मागे एकदा आमची मंडळी रात्री एका नगराच्या वेशीपाशी पोचली. दरवाजा बंद, वर बुरुजावर पहारेकरी. माझ्या वहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं: रात्र बिनघोर जावी, ही इच्छा. भीती नाईकाची, तो मध्येच तपासणीला येतो. आणि मोठा दरवाजा तो उघडणारच नाही, कारण किल्ल्या त्याच्याकडे नाहीतच. आमच्यातले एक गृहस्थ पेशानं वकील आहेत. त्यांनी दहा मिनिटं अस्खलित भाषण केलं. राजाशी असलेली ओळख सांगितली, धमकी दिली, शेवटी लाच देऊ केली. पहारेकरी जास्तच घाबरला. मग एक बँकेत अधिकारी असलेली मैत्रीण, जी तोवर शेंगदाणे सोलत बसली होती, तिनं एकच प्रश्न विचारला, "दादा, आत सोडायला सही कोणाची लागते?"

सगळे हसले. पण तिनं बरोबर दुखरी जागा शोधली होती. खिडकीपलीकडचा माणूस अडवतो तेव्हा बहुतेक वेळा तो दुष्ट नसतो, उद्या आपल्यावर बालंट येईल या धास्तीत असतो, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं. "आम्ही नावं लिहून देतो, शस्त्रं टोपलीतून वर पाठवतो, तुम्ही नाईकाला उठवा, जबाबदारी त्याची," असं ती म्हणाली. पहारेकऱ्याला हवी ती रात्र मिळत होती आणि भीती टळत होती. मी फासा मागितलाच नाही. व्हिन्सेंट बेकर या खेळ रचणाऱ्यानं आपल्या २००४ च्या एका खेळात सूत्रधाराला असाच सल्ला दिला आहे: एक तर हो म्हणा, नाही तर फासा टाकायला लावा. नाईक आला, तेव्हा मात्र फासा लागला, कारण तो काय करेल हे खरोखरच कुणाला सांगता येत नव्हतं.

पूर्वी लग्नाच्या याद्या करायला बैठका बसत. त्यांत एखादा मुरलेला मध्यस्थ असे. तो सगळ्यात कमी बोलायचा. मुलीच्या बापाची अडचण काय, मुलाच्या मामाचा रुसवा कशापायी, हे त्यानं आधीच हेरलेलं असायचं. ल्यूक क्रेन यांच्या 'बर्निंग व्हील' नावाच्या खेळात वादविवादाचे जे नियम आहेत, ते वाचताना मला त्या बैठकांचीच आठवण झाली. वादाला तोंड फुटण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी आपल्याला काय हवंय ते स्पष्ट सांगायचं. जिंकणाऱ्यालाही वादात जेवढी खरचटलं असेल, तेवढं हरणाऱ्याच्या पदरात टाकावं लागतं. आणि एकदा निकाल लागला, की तोच विषय पुन्हा पुन्हा उकरून फासा मागायचा नाही. घरातल्या वादांनाही हा शेवटचा नियम लागू करता आला तर!

आता या सगळ्यातला खरा अवघड प्रश्न. बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहेच. आमच्या टेबलावर तिचा रोज प्रत्यय येऊ शकतो. वकील महाशयांचं पात्र म्हणजे डोंगरातला एक रांगडा गडी. त्याच्या कागदावर प्रभाव या गुणापुढे आकडा आहे आठ. माझ्या भाच्याचा एक मित्र अकरावीत असताना आमच्यात यायला लागला. मुलगा अतिशय लाजाळू, बोलताना अडखळतो. त्यानं निवडलं शाहिराचं पात्र. प्रभाव अठरा. सुरुवातीच्या गुणांत अठराच्या वर आकडा नसे, असा एक काळ होता. म्हणजे कागदावर तो सभा जिंकणारा आणि टेबलावर मात्र मान खाली घालून बसणारा.

इथं जगभरच्या खेळाडूंत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, बोलायचा खेळ आहे, तर ज्याला बोलता येतं तो जिंकणारच. दुसरा म्हणतो, योद्ध्याचं पात्र घेणाऱ्याला तुम्ही खरोखरची शिळा उचलायला सांगता का? मग शाहिराचं पात्र घेणाऱ्यानं खरोखरचं भाषण का द्यावं? मला हा दुसरा मुद्दा बिनतोड वाटतो. एखादा मुलगा आठवडाभर शाळा-कॉलेजात जे जमत नाही म्हणून खाली मान घालतो, ते निदान रविवारी दुपारी तरी त्याला जमायला हवं. पण नुसता आकडा मोजून त्याला गप्प बसू देणं हाही त्याच्यावर अन्यायच. मग तो खेळला तरी कुठं?

म्हणून आमच्याकडे एक वाटणी आहे. काय बोलायचं, ते खेळाडूनं ठरवायचं. कसं बोललं गेलं, ते फासा ठरवतो. "मी त्याला सांगतो की आम्ही परत येऊ आणि त्याची गाय सोडवून आणू," एवढं साधं वाक्य पुरतं. नाटकी ढंगात, पात्राच्या तोंडून बोललंच पाहिजे असं नाही. वकीलसाहेबांनी कितीही फर्डं बोललं, तरी त्यांच्या रांगड्या गड्याच्या तोंडून ते कसं बाहेर पडलं, हे आठाचा आकडा धरूनच ठरतं. ते स्वतः यावर सगळ्यात जास्त हसतात.

एकदा मंडळींना नदी ओलांडायची होती. पुराचे दिवस, गावात एकच नाव आणि ती एका म्हाताऱ्या बाईची. मी तिच्या झोपडीचं वर्णन केलं: चूल, कोपऱ्यात जाळं, मांडून ठेवलेली दोन ताटं. बाई नाव द्यायला तयार नव्हती. सोनं देऊन झालं, विनवण्या झाल्या, कुणीतरी नाव चोरायची गोष्टही काढली. वीसेक मिनिटं गेली. मी फिरून त्या मुलाकडे वळले, "शाहीर काय करतोय?" हा प्रश्न मी मुद्दाम विचारतेच, नाही तर टेबलावर दोघेच बोलत राहतात. त्यानं बराच वेळ घेतला. मग वर न बघता म्हणाला, "दुसरं ताट कोणाचं, ते विचारतो."

टेबल शांत झालं. ताट तिच्या मुलाचं होतं. तो महिन्यापूर्वी मासे धरायला गेला तो परतलेला नव्हता, आणि तो आलाच तर पलीकडच्या काठावरून त्याला आणायला घरची नाव हवी, म्हणून ती नाव कुणाला द्यायची नाही, एवढंच माझ्या वहीत लिहिलेलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, दोन ताटं. लक्षात एकट्यानं ठेवलं होतं. पुढं काय करायचं, तेही त्यानंच सुचवलं, अडखळत अडखळत. एकानं तिच्यापाशी थांबायचं, बाकीच्यांनी नाव नेऊन पलीकडे मुलाचा शोध घ्यायचा. फासा कुणी उचललासुद्धा नाही.

त्या मुलाचं अडखळणं त्या दिवशी संपलं, असं काही घडलं नाही. गोष्टींत तसं होतं. तो आता नोकरीला लागलाय आणि अजूनही कमीच बोलतो. पण तो बोलायला लागला, की आमचे वकीलसाहेब थांबतात. अकरा वर्षांत मला त्याचं अप्रूप जास्त वाटलं आहे.

एक मर्यादा मात्र आम्ही कसोशीनं पाळतो. सूत्रधाराच्या पात्रांना फाशानं वळवता येतं, एका खेळाडूनं दुसऱ्या खेळाडूचं मन फाशानं वळवायचं नाही. "माझे वीस पडले, म्हणून तुला माझं पटलंच पाहिजे," हे आमच्या टेबलावर चालत नाही. पटवायचं असेल तर खरोखर पटवावं, आणि समोरच्याला 'नाही' म्हणायची पूर्ण मुभा असावी. अनेक ठिकाणी हा संकेत पाळला जातो आणि मला तो खेळापुरता वाटत नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काय किंमत?

पालकांकडून मला नेहमी एक प्रश्न येतो: या खेळानं मुलं खोटं बोलायला, लबाडी करायला शिकत नाहीत का? लबाडीचं पात्र घेणारी मुलं असतात, तेही खेळाचा भागच आहे. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. थाप मारून काम साधलं, की त्या गावात पुढच्या वेळी दारं बंद होतात. माझ्या वहीत तसं लिहून ठेवलेलं असतं. पहारेकरी विसरत नाही, नावाडीण विसरत नाही. तीन-चार रविवारांनी मुलांच्या आपसूकच ध्यानात येतं, की दिलेला शब्द पाळणं सगळ्यात स्वस्त पडतं.

हे करून पाहायला जाडजूड पुस्तकं किंवा महागडे फासे लागतात असंही नाही. एखाद्या रविवारी जेवणं झाल्यावर सापशिडीच्या डब्यातले दोन फासे काढा. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला वेशीवरचा पहारेकरी करा आणि बाकीच्यांना रात्रीचे वाटसरू. थोरल्यानं कागदावर तीन ओळी लिहून उशीखाली ठेवाव्यात: काय हवंय, कशाची भीती आहे, काय करणार नाही. मुलांना म्हणावं, आता याला बोलतं करा. दोन-चार वेळा ती हुज्जत घालतील, आरडाओरडा करतील, खोटी ओळखपत्रंही दाखवतील. थोडा धीर धरा. त्यांच्यातलं एखादं, बहुधा सगळ्यात गप्प असलेलं, केव्हातरी विचारेल, "आजोबा, तुम्हाला एवढी भीती कशाची वाटतेय?"

तेव्हा आजोबांनी खरं उत्तर द्यावं. फासे तसेच राहू द्यावेत.